एक झेल, सतरा गुण: चालणारा प्रोग्रॅम आणि न कळलेला प्रोग्रॅम

सातवीचा वर्ग, मुले ३६. संगणक कक्षात यंत्रे १८, त्यांतली दोन कायम बंद. म्हणून बारा जोड्या आणि चार त्रिकुटे. आठवड्यातून ४० मिनिटांचा एक तास. त्यातली पहिली सात-आठ मिनिटे यंत्रे सुरू होण्यात आणि मागच्या आठवड्याची फाइल शोधण्यात जातात. इंटरनेटचा भरवसा नाही, त्यामुळे स्क्रॅच ३ची (तयार ब्लॉक एकमेकांना जोडून प्रोग्रॅम लिहिण्याची मुलांची भाषा) ऑफलाइन आवृत्ती बसवलेली. हा वर्ग नमुन्यादाखल घेतला आहे, कोण्या एका शाळेचा नाही. पण ज्यांनी मुलांना स्क्रॅच शिकवले आहे, त्यांना इथल्या चुका नावानिशी ओळखू येतील.

पहिल्या पाच तासांत मुलांनी एक खेळ बांधला. वरून चेंडू पडतो, खाली टोपली डाव्या-उजव्या बाणाने सरकते. बाईंनी प्रोजेक्टरवर एकेक ब्लॉक लावायचा, मुलांनी पाहून तसाच लावायचा. पाचव्या तासाच्या शेवटी सोळाही यंत्रांवर चेंडू पडत होते. नोंदवहीत सगळ्यांपुढे ‘प्रकल्प पूर्ण’ असा शेरा पडला.

सहाव्या तासाला बाईंनी पहिल्यांदाच प्रोजेक्टर बंद ठेवला. ‘चेंडू टोपलीत आला की एक गुण. एवढे तुमचे तुम्ही करा.’ दहा मिनिटांत पहिली तक्रार आली.

‘बाई, आमचा कम्प्युटर बिघडलाय. एकच बॉल पकडला तर सतरा मार्क देतोय.’

शेजारची जोडी म्हणाली, आमचा नऊच देतो. मागे कुणाला चौदा मिळाले. एका त्रिकुटाचा स्कोअर हजाराच्या पुढे पळत होता आणि ती तिघे खुशीत होती. यात काही चुकले आहे असे त्यांना वाटतच नव्हते.

सतरा कुठून आले

बहुतेक जोड्यांनी चेंडूच्या स्प्राइटवर, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या चित्रावर, लावलेली स्क्रिप्ट (ब्लॉकांची माळ) अशी होती:

व्हेन ग्रीन फ्लॅग क्लिक्ड
सेट स्कोअर टू ०
फॉरएव्हर
— गो टू एक्स: पिक रँडम -२०० टू २००, वाय: १८०
— रिपीट अंटिल वाय पोझिशन < -१७०
— — चेंज वाय बाय -५
— — इफ टचिंग टोपली देन
— — — चेंज स्कोअर बाय १

वाचायला अगदी सरळ. ‘फॉरएव्हर’ म्हणजे आतल्या ओळी अखंड चालवत राहा, ‘रिपीट अंटिल’ म्हणजे पुढची अट खरी होईपर्यंत त्या पुन्हा पुन्हा चालवा. चेंडू टोपलीला लागला तर गुण एकने वाढव. मुलांनी मराठीत जे सांगितले असते, तेच इथे लिहिले आहे. गोम आहे ती ‘लागला’ या शब्दात. आपल्या बोलण्यात लागणे ही एक घटना असते, एकदा घडते आणि संपते. स्क्रॅचला मात्र घटना दिसत नाही. लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, प्रत्येक फेरीत तो एवढेच विचारतो: आत्ता, या क्षणी, चेंडू टोपलीला टेकलेला आहे का? आणि चेंडू हलत असताना अशा फेऱ्या सेकंदाला सुमारे ३० होतात.

हिशेब फळ्यावर मांडण्याजोगा आहे. स्क्रॅचचा मंच ४८० रुंद आणि ३६० उंच, मध्यबिंदू शून्य. म्हणजे वाय वर १८० पासून खाली -१८० पर्यंत. टोपलीची उंची ६० आणि तिचा मध्य -१४० वर धरला, तर ती -११० ते -१७० एवढी जागा व्यापते. चेंडूची उंची ४० धरली तर त्याचा मध्य -९० च्या खाली गेला की तो टोपलीवर येतो. पाऊल ५ चे. म्हणजे -९५, -१००, -१०५ असे करत -१७० पर्यंत, आणि -१७० ही संख्या -१७० पेक्षा लहान नसल्यामुळे आणखी एक फेरी, -१७५. मोजा: १७ थांबे. प्रत्येक थांब्यावर उत्तर ‘हो’, प्रत्येक ‘हो’ला एक गुण.

प्रत्यक्षात आकडा थोडा इकडेतिकडे होतो. ‘टचिंग’ ही तपासणी चित्राच्या रंगीत भागावर होते, भोवतीच्या चौकटीवर नाही. चेंडू गोल आणि टोपलीच्या कडा तिरक्या असल्या की एक-दोन थांबे कमी पडतात. खेळणाऱ्याने टोपली मध्येच सरकवली तर आणखी कमी. नऊ आणि चौदा इथून आले. मुलांना वाटले प्रत्येक यंत्र वेगळ्या तऱ्हेने बिघडले आहे. खरे तर सोळाही यंत्रे एकच काम बिनचूक करत होती.

हजारवाल्या त्रिकुटाची गंमत निराळी. त्यांनी ‘-१७०’ च्या जागी ‘-२००’ लिहिले होते, चेंडू अगदी दिसेनासा होईपर्यंत खाली जावा म्हणून. पण स्प्राइटचा थोडा तरी भाग मंचावर राहील अशी काळजी स्क्रॅच घेतो. ४० उंचीचा चेंडू -१८५ च्या आसपास अडतो, -२०० ची अट कधीच खरी होत नाही, लूप संपत नाही आणि चेंडू टोपलीच्या बुडाला चिकटून बसतो. सेकंदाला ३० म्हणजे मिनिटाला १८०० गुण. ही चूक मुद्दाम जपून ठेवावी. ‘अट कधीच खरी झाली नाही तर?’ या प्रश्नाला इतके बोलके उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

एक सेकंद थांब

तक्रार आल्यावर मुले काय करतात, हे चुकीपेक्षा जास्त सांगून जाते. पंधरा मिनिटांत वर्गभर एकच तोडगा पसरला: ‘चेंज स्कोअर’च्या खाली ‘वेट १ सेकंद’. कुणीतरी लावला, शेजाऱ्याने पाहिला, बघता बघता सगळ्यांकडे आला.

वरच्या स्क्रिप्टमध्ये हा तोडगा जखम मांडीला आणि मलम शेंडीला अशातला आहे. चेंडू हलवणारा ब्लॉक त्याच लूपमध्ये असल्यामुळे ‘वेट’ लागला की चेंडूही थांबतो. एक सेकंदाने पाचचे एक पाऊल सरकतो, पुन्हा टेकलेलाच असतो, पुन्हा गुण, पुन्हा सेकंद. टोपली जागची हलवली नाही तर सतरा सेकंदांत सतरा गुण होतात. गुण तेवढेच, फक्त सावकाश. तरी बऱ्याच मुलांनी ‘सुटले’ म्हणून हात वर केला. कारण उघड आहे: पहिल्या सेकंदात स्कोअर १ दिसला, आणि त्यांनी टोपली सरकवली किंवा झेंड्यावर पुन्हा क्लिक केले.

चार जोड्यांनी मात्र चेंडू पाडणे एका स्क्रिप्टमध्ये आणि गुण मोजणे दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये ठेवले होते. त्यांच्याकडे ‘वेट १’ खरोखर चालला. मोजणारी स्क्रिप्ट सेकंदभर झोपली, तेवढ्यात चेंडू निघून गेला. १७ फेऱ्या म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ, म्हणून एक सेकंद पुरला. पण चेंडूचा वेग -५ वरून -२ करा. आता टोपलीवरचे थांबे ४१, म्हणजे सुमारे १.४ सेकंद. झोपेतून जागी झालेली स्क्रिप्ट चेंडू अजून तिथेच पाहते आणि दुसरा गुण देते. एका आकड्याच्या बदलाने तोडग्याचे पितळ उघडे पडते.

बाईंच्या हातात त्या क्षणी दोन रस्ते होते. एक म्हणजे फळ्यावर बरोबर ओळ लिहून देणे: गुण वाढवल्यावर लगेच ‘गो टू’ने चेंडू पुन्हा वर पाठवा. दोन मिनिटांचे काम, सोळा खेळ दुरुस्त, तास संपला. दुसरा रस्ता म्हणजे हे ‘बरोबर चालणे’ बाजूला ठेवून मुलांना नेमके काय कळले आहे ते तपासणे. त्यांनी दुसरा धरला, आणि आमच्या मते इथेच हे प्रकरण अभ्यासण्याजोगे झाले.

एक प्रश्न, पाच उत्तरे

तासाची शेवटची आठ मिनिटे. संगणक बंद, वहीच्या पानावर एकच प्रश्न:

सेट स्कोअर टू ३
रिपीट ४
— चेंज स्कोअर बाय २
से स्कोअर

स्क्रॅचच्या पडद्यावरचे मांजर काय म्हणेल? उत्तर ११. पण या प्रश्नाची किंमत बरोबर उत्तरात नाही, चुकीच्या उत्तरांत आहे. आकडे तसे जाणून निवडलेले आहेत. ५ लिहिणाऱ्याने ‘रिपीट’ पाहिलाच नाही. ८ लिहिणाऱ्याने चार वेळा दोन बरोबर धरले, पण सुरुवातीचे ३ सोडून दिले. २ लिहिणाऱ्याला ‘चेंज’ आणि ‘सेट’ एकच वाटतात. २० लिहिणाऱ्याने ३ मध्ये २ मिळवून त्याला चाराने गुणले. गणिताच्या तासाची सवय इथे आली. कंसाबाहेर गुणक असावा तसा त्याला लूप दिसतो. पानावर रेघोट्या मारून ३, ५, ७, ९, ११ असे लिहिणारा खरा लूप चालवतो आहे. सगळे आकडे वेगवेगळे आल्यामुळे पाने वर्गवार लावायला पाच मिनिटेही लागत नाहीत. आरंभीची किंमत ० आणि वाढ १ ठेवली असती तर ४ हे उत्तर समज असलेल्यालाही मिळाले असते आणि अंदाज मारणाऱ्यालाही. असे प्रश्न आपण सर्रास विचारतो.

या वर्गात पाचही प्रकार निघाले. प्रकल्प पूर्ण केलेल्या मुलांचीच ती पाने होती.

कारण मुलांच्या आळसात शोधू नये. रॉय पी यांनी १९८६ मध्ये नवख्या प्रोग्रॅमरांच्या चुकांबद्दल एक निरीक्षण मांडले: भाषा कोणतीही असो, बऱ्याच चुकांच्या मुळाशी यंत्राच्या आत कुठेतरी समजूतदार मन दडले आहे अशी एक धारणा असते. ‘एक झेल म्हणजे एक गुण, हे त्याला कळायला नको का?’ हे मुलांचे म्हणणे नेमके त्याच धारणेतून येते. आणि पाहून ब्लॉक लावण्याच्या पाच तासांनी ही धारणा एकदाही अडवली नाही. यंत्र आत काय करते याचे डोक्यातले साधे चित्र मुलांजवळ नव्हते; ते घडवायला लागतील असे प्रश्नच कुणी विचारले नव्हते.

सातवा तास: संगणक बंद

कक्षाच्या मोकळ्या जागेत खडूने एका ओळीत बारा खुणा, १ ते १२. खुणा ८ ते ११ भोवती चौकोन, ती टोपली. चार मुले लागतात. एक चेंडू, एक टाळी वाजवणारा, एक तपासणारा, एक स्कोअर लिहिणारा. टाळी म्हणजे लूपची एक फेरी. टाळी वाजली की चेंडू एक खूण पुढे जातो, तपासणारा ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो, ‘हो’ असेल तर स्कोअरवाला फळ्यावरचा आकडा पुसून एकने वाढवलेला लिहितो. सुरुवात खूण १ वरून. बाकीच्यांनी आधी वहीत लिहायचे: शेवटी फळ्यावर काय असेल?

जवळजवळ सगळे १ लिहितात.

मग एक गोष्ट हमखास घडते. चेंडू खूण ८ वर येतो, तपासणारा ‘हो’ म्हणतो, स्कोअरवाला १ लिहितो. खूण ९, पुन्हा ‘हो’. स्कोअरवाला हसतो आणि काहीच करत नाही. ‘एकदा दिला ना.’ इथे खेळ थांबवून विचारायचे: हे तुला कोणत्या ओळीत सांगितले? स्क्रिप्ट फळ्यावर लिहिलेलीच असते; ओळ दाखवता येत नाही. त्यानंतर स्कोअरवाल्याला चेंडूकडे पाठ करून उभे करायचे. त्याला फक्त ‘हो’ ऐकू येईल. या वेळी फळ्यावर ४ येतात आणि वर्गात कुजबुज सुरू होते. आमच्या अंदाजाने हे पाठ फिरवणे सबंध तासाइतके मोलाचे आहे. त्याशिवाय केलेला हा खेळ नुसती करमणूक ठरतो, कारण माणूस नकळत यंत्राच्या चुका सावरून घेतो.

वेळ उरलाच तर पाऊल बदलावे. एकेक खूण सोडून, म्हणजे दोनदोनचे पाऊल: १, ३, ५, ७, ९, ११. स्कोअर २. चारचे पाऊल: १, ५, ९ आणि बाहेर. स्कोअर १, आणि मुले म्हणतात, ‘सुटलं!’ मग सहाचे पाऊल: १, ७, आणि पुढचे थेट टोपलीपलीकडे. स्कोअर ०. चेंडू टोपलीतून आरपार गेला आणि कुणाला दिसलाच नाही. वेग फार वाढवला की खेळांतल्या वस्तू भिंतीतून पार होतात त्याचे कारण हेच, आणि ते इथे खडूच्या बारा खुणांत दिसते. चारचे पाऊल हा ‘उपाय’ का नाही हे मुले आपणहून सांगतात.

आठवा आणि नववा तास

आठव्या तासाची रचना स्यू सेन्टन्स यांच्या ‘प्रिम’ पद्धतीवर: आधी भाकीत, मग चालवणे, मग उलगडून पाहणे, मग बदल, मग स्वतःची निर्मिती. पाच तास पाहून लावण्यात गेल्यामुळे पहिल्या तीन पायऱ्यांवर जोर दिला. प्रत्येक जोडीला पाच-सहा ओळींच्या तीन तयार स्क्रिप्ट, छापील. प्रत्येकीला पाच मिनिटे: पडदा बंद ठेवून भाकीत लिहा, मग चालवा, मग फरक पडला असेल तर का ते एका वाक्यात लिहा. सोबत तक्ता: पहिल्या रकान्यात फेरी, दुसऱ्यात वाय, तिसऱ्यात ‘टेकला का’, चौथ्यात स्कोअर.

यात बिघडते काय? मुले भाकीत खोडून नंतरचे उत्तर लिहितात. बरोबर दिसण्याची सवय मुरलेली असते. म्हणून भाकीत पेननेच लिहायचे, चिठ्ठीवर, आणि यंत्र सुरू करण्याआधी चिठ्ठी बाईंच्या डब्यात टाकायची. बरोबर भाकिताला गुण नाहीत. गुण फक्त भाकीत लिहिण्याला आणि फरकाच्या स्पष्टीकरणाला. हे पहिल्याच मिनिटाला सांगितले नाही तर तासाची माती होते. दुसरी अडचण तक्त्याची. १७ ओळींचा तक्ता कुणी भरत नाही. चौथ्या ओळीनंतर मुले नमुना ओळखून खाली आकडे उतरवत जातात, आणि नेमकी शेवटची -१७५ ची ओळ सुटते. म्हणून तक्ता दोन तुकड्यांत द्यावा: -८५ ते -१०० आणि -१६० ते -१७५. कडा तपासणे महत्त्वाचे, मधला भाग आपोआप कळतो.

नवव्या तासाला कागदी पट्ट्या. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेली ही युक्ती: बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी कापून विस्कटून द्यायच्या, मुलांनी क्रम लावायचा. सोळा पाकिटे, प्रत्येकात नऊ कामाच्या पट्ट्या आणि दोन फसव्या: एक ‘वेट १ सेकंद’, दुसरी ‘सेट स्कोअर टू १’. नववी कामाची पट्टी म्हणजे तीच दुरुस्तीची ‘गो टू’. पट्ट्यांचे बलस्थान असे की टायपिंग, माउस, ब्लॉक कुठे आहे याची शोधाशोध, हे सगळे बाजूला होते आणि फक्त क्रमाचा विचार उरतो.

पण सपाट पट्ट्यांत एक मोठी खोट आहे, आणि ती पहिल्या दहा मिनिटांतच दिसते. पडद्यावरच्या ‘फॉरएव्हर’ला पोट असते, आत काय आणि बाहेर काय ते दिसते. कागदाच्या पट्टीला पोट नाही. मुले नऊही ओळी बरोबर क्रमाने लावतात, पण ‘सेट स्कोअर टू ०’ लूपच्या आत आहे की बाहेर हे सांगता येत नाही. आत असेल तर एक चेंडू हुकला की स्कोअर पुन्हा शून्य. उपाय दोन. लूप आणि अटीच्या पट्ट्या जाड पुठ्ठ्यातून उघड्या जबड्यासारख्या कापणे. दिसायला छान, पण सोळा संच कापायला अख्खी दुपार जाते. नाहीतर चार उभे रकाने आखलेला एक कागद द्यायचा आणि ‘आतली ओळ एक रकाना उजवीकडे’ हा नियम सांगायचा. दुसरा स्वस्त आहे, आणि पुढे पायथॉन या टाइप करून लिहायच्या भाषेकडे जाणाऱ्या वर्गाला ओळी आत सरकवण्याची सवय आधीच लागते.

आणखी एक. बरोबर उत्तर एकच नसते. चेंडू हलवण्याआधी तपासावे की नंतर, दोन्ही चालते. दोन्ही क्रमांची उत्तरपत्रिका हाताशी नसेल तर घाईत बरोबर जोडीला ‘चूक’ म्हटले जाते, आणि अशी जोडी पुढे तोंड उघडत नाही.

फाइली

शिकवण्याच्या पद्धतींवर लिहिणारे या गोष्टीला हात लावत नाहीत, म्हणून थोडक्यात. सहाव्या तासापर्यंत निम्म्या जोड्या दर आठवड्याला खेळ नव्याने बांधत होत्या. फाइल आपोआप सुचवलेल्या नावाने जतन व्हायची, त्याच यंत्रावर दुसऱ्या वर्गाची मुले त्याच नावाने जतन करायची, आणि मधल्या खिडकीत ‘बदलू का?’ला कुणीतरी ‘हो’ म्हणायचे. नियम एकच केला: वर्ग, जोडी, विषय, आवृत्ती. ‘७अ-जोडी०५-चेंडू-३’. जुनी आवृत्ती कधीही पुसायची नाही, दर वेळी शेवटचा आकडा वाढवायचा. तास संपायला पाच मिनिटे असताना घंटी, त्यानंतर फक्त जतन करणे, आणि एका मुलाने पेनड्राइव्हवर सोळाही फाइली गोळा करणे. डीबगिंग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक शोधून काढणे, शिकवताना याचा एक उपफायदा झाला: ‘आवृत्ती ३ चालत होती, ४ चालत नाही, मध्ये काय बदललं?’ हा प्रश्न विचारता येऊ लागला. एरवी मुले सतरा बदल एकत्र करतात आणि कशाने बिघडले ते कुणालाच सांगता येत नाही.

दहावा तास: पुन्हा खेळाकडे

आता दुरुस्ती. बसण्याचा नियम: एकाच्या हातात माउस, दुसऱ्याने बोलायचे, सहा मिनिटांनी अदलाबदल. त्रिकुटांतला तिसरा भाकीतवाला. प्रत्येक बदलाआधी तो काय होईल ते लिहितो. घड्याळ लावले नाही तर ज्याच्या घरी संगणक आहे त्याच्याच हाती तासभर माउस राहतो.

बाईंनी स्वतःसाठीही एक नियम केला: मुलांच्या माउसला हात लावायचा नाही, हात पाठीमागे. आणि विचारायचे तीनच प्रश्न.

‘काय व्हायला हवं होतं?’

‘एक मार्क.’

‘काय झालं?’

‘पहिला एक आला, मग चेंडू तिथंच अडकला. बाई, हा हँग झालाय.’

‘चेंडू अडकला तेव्हा कोणती ओळ चालू आहे?’

या जोडीने ‘वेट अंटिल नॉट टचिंग टोपली’ लावला होता. कल्पना उत्तम: चेंडू टोपलीपासून सुटेपर्यंत थांब, म्हणजे पुन्हा गुण मिळणार नाही. मोजणे वेगळ्या स्क्रिप्टमध्ये असते तर हाच सर्वांत नेटका उपाय ठरला असता, वेग -२ असो की -१०. पण यांचे मोजणे आणि चेंडू हलवणे एकाच लूपमध्ये. चेंडू सुटेपर्यंत स्क्रिप्ट थांबणार, आणि स्क्रिप्ट थांबली म्हणून चेंडू सुटणार नाही. टोपली बाणाने बाजूला केली की मात्र ‘हँग’ झालेला खेळ लगेच पुढे चालू लागतो. हे पाहिल्यावर मुलाने स्क्रिप्टचे दोन तुकडे केले. बाईंनी ओळ सांगितली नव्हती.

बहुतेकांनी चेंडू लगेच वर पाठवण्याचा उपाय केला, जो पट्ट्यांत येऊन गेला होता. तो चालतोच, पण केवळ चालतो म्हणून खूण करायची नाही असे ठरले होते. मूल्यमापनाचे दहा गुण फोडले: चार खेळ चालण्याला, सहा तोंडी स्पष्टीकरणाला. जोडीमागे तीन मिनिटे, पडदा झाकून, एक ओळ दाखवून ‘ही काढली तर काय होईल?’ सोळा गटांना ४८ मिनिटे लागतात, म्हणजे एका तासात बसत नाही. दोन तासांत आठ-आठ गट घेतले आणि बाकीच्यांना दुसरा पट्टीसंच दिला. जोडीतल्या कोणत्या मुलाने उत्तर द्यायचे ते चिठ्ठी काढून ठरवले. आधीच ठरवू दिले तर माउसवालाच बोलतो.

अकराव्या तासाला सुरुवातीची आठ मिनिटे पुन्हा वहीचे पान, आकडे बदलून: सुरुवात ५, रिपीट ३, वाढ ४. बरोबर उत्तर १७ (हा योगायोग नाही, मुलांना हसू यावे म्हणून). ९, १२, ४ आणि २७ ही चुकीची उत्तरे कशातून येतात ते वरच्याच धर्तीवर. ‘रिपीट’ न पाहणारी आणि ‘सेट’-‘चेंज’मध्ये गोंधळणारी पाने या खेपेला तुरळक होती. गुणाकाराची सवय मात्र चिवट निघाली. २७ लिहिणारी मुले लूपचा तक्ता भरून दिला की बरोबर येतात आणि तक्ता काढून घेतला की पुन्हा गुणतात. त्यांच्यासाठी आणखी एक तास टाळ्यांचा खेळ लागणार, या वेळी स्कोअर ५ पासून सुरू करून.

एका जोडीला चेंडू झटकन वर गेलेला आवडत नव्हता. तो टोपलीत पडताना दिसायला हवा होता. त्यांनी ‘मोजला’ नावाचे नवे व्हेरिएबल (स्कोअरसारखा एक आकडा लक्षात ठेवणारा कप्पा) केले: चेंडू टेकलेला असेल आणि ‘मोजला’ ० असेल तरच गुण द्यायचा, आणि लगेच ‘मोजला’ १ करायचा. हिरवा झेंडा दाबल्यावर ‘मोजला’ ० होत होता, पण नवा चेंडू वरून निघताना तो परत ० करणारी ओळ स्क्रिप्टमध्ये नव्हती. यंत्र सुरू करण्याआधी डब्यात टाकलेल्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिले होते: ‘पहिल्या चेंडूला १. दुसऱ्याला पण १च राहणार. का ते कळलंय, आधी चालवून बघतो मग ओळ टाकतो.’